एक भोक जास्त

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. फुटबॉलच्या गोलाला मागून बांधतात ना, ती. खरे सांगायचे तर माझ्यात जाळी कमी आणि भोकेच जास्त. दोऱ्याचे थोडे वेढे आणि बाकी सगळी हवा! तरीही मी आयुष्यभर लोकांचे बॉल धरले आणि माझ्या भोकांबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त एकदा माझ्यात एक भोक जास्त झाले. त्याचीच ही गोष्ट.

सामना बघताना तुमचे डोळे बॉलवर असतात. माझ्याकडे कोण बघणार? बॉल आत आला की मी फुगते, क्षणभर सगळ्यांच्या नजरेत भरते आणि पुन्हा हवेत विरून गेल्यासारखी होते. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी मुळातच तंद्रीत राहणारी. वारा आला की हलायचे, ऊन आले की गवतावर पडलेली आपलीच चौकटी-चौकटींची सावली बघत बसायचे. तेव्हा माझ्या बोलण्यात मध्येच गुंगी आली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. भिंतीत खिळ्यांची रांग होती आणि त्या खिळ्यांना माझा पहिला पदर अडकवलेला होता. विणणारी मावशी. तिला सगळे मावशीच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले लोकसुद्धा. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळ्या विणायचे काम चाले. ओझी बांधायच्या जाळ्या, झोक्यांच्या जाळ्या, बागेतल्या वेलींना चढायला लागतात त्या जाळ्या. तिच्या एका हातात लाकडी सुई, सुईवर गुंडाळलेला सुती दोरा आणि दुसऱ्या हातात एक सपाट पट्टी, म्हणजे सगळी भोके एकाच मापाची व्हावीत. दोरा पट्टीवरून घ्यायचा, वरच्या फासातून काढायचा, अंगठ्याने दाबायचा आणि ओढायचा. झाली गाठ. एकेरी. सुती दोरा खरखरीत असतो, स्वतःलाच धरून बसतो, म्हणून त्याला एकेरी गाठ पुरते. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास मावशीकडे तिची भाची राहायला आली होती. तिची आई लांबच्या गावी नोकरीला, म्हणून लेकीला बहिणीच्या पदरात घातलेले. पोर नुकती रांगायला लागली होती. मी विणली जात जात खोलीभर पसरले होते. एका दुपारी ती पोर रांगत रांगत थेट माझ्यात शिरली, हातपाय गुरफटून घेतले आणि रडायचे सोडून चक्क झोपून गेली. मित्रांनो, माझ्यातला पहिला गोल तो!

मावशी कमरेवर हात ठेवून हसत राहिली. "घ्या! जाळी पुरी व्हायच्या आधीच मासा लागला," ती म्हणाली. मग रोज दुपारी माझी दोन टोके खिळ्यांना बांधून ती माझी झोळी करी आणि पोरीला आत निजवी. पोरीच्या श्वासाबरोबर मी वरखाली व्हायची. आजही वारा मंद असला की मला वाटते, माझ्यात कुणीतरी झोपले आहे.

आता मी मैदानावर कशी गेले ते सांगते. देशातला फुटबॉलचा हंगाम एका खास सामन्याने उघडतो. मागच्या हंगामात लीग जिंकणारा संघ एका बाजूला, चषक जिंकणारा संघ दुसऱ्या बाजूला. त्याला सुपर कप म्हणतात. एकच सामना, एकच दिवस. उन्हाळाभर गप्प पडलेले मैदान त्या दिवशी जागे होते. पुरुषांचा सुपर कप पुष्कळ आधीपासून चालू होता. मुलींचा पहिल्यांदा खेळवायचे ठरले तेव्हा सगळी तयारी झाली, चषकाला चकाकी देऊन झाली, आणि ऐन वेळी लक्षात आले की गोलाच्या जाळ्या पुरुषांच्या सामन्यासाठी दुसऱ्या मैदानावर गेल्या आहेत! मैदानाची देखभाल करणारे काका, ज्यांना सगळे मैदानकाका म्हणत, डोके धरून बसले. मग कुणाला तरी मावशीची आठवण झाली. मी आणि माझी जुळी बहीण, आम्ही बागेत वेली चढवायला जाणार होतो. त्याऐवजी आम्ही गोलाला चढलो. एक मी, समोरच्या टोकाला ती.

तो सामना इतका रंगला की पुढे तसा रिवाजच पडला. मुलींच्या हंगामाचा पहिला सामना मावशीच्या हातच्या जाळ्यांवर. बाकी वर्षभर कारखान्यात बनलेल्या जाळ्या लावत आणि आम्ही दोघी कोठीत घडी घालून पडलेल्या. वर्षभर झोप आणि एक दिवस जाग, असे माझे आयुष्य. कोठीच्या अंधारात मला गवताच्या वासाची स्वप्ने पडत. एखाद्या दिवशी दार उघडे, उजेडाची पट्टी आत येई आणि मला वाटे, आला दिवस. पण कुणीतरी फक्त झाडू न्यायला आलेले असे. मी पुन्हा डोळे मिटून घेई. आता जाळीला डोळे कुठले म्हणाल, तर जाऊ द्या, कल्पना करा.

सामन्याच्या आदल्या दिवशी आम्हाला गवतावर पसरत. मावशी गुडघ्यांवर बसे आणि माझी ओळन्‌ओळ बोटांमधून फिरवी. "डोळ्यांनी बघितलेली जाळी म्हणजे बघितलेली नव्हे. हात फिरला पाहिजे," हे तिचे ठरलेले वाक्य. भाची थोडी मोठी झाली तशी ती दुसऱ्या टोकाने हात फिरवत यायची. मध्यावर दोघींचे हात भेटले की तपासणी संपली. मग मावशी तिला माझ्यासमोर उभी करी आणि मैदानकाका हळूच बॉल टाकत. पोर उजवीकडे झेप घेई आणि बॉल डावीकडून आत येई.

त्यातूनच तिला नाव पडले, खिडकी. "हिच्यातून काहीही आत येतं," असे मैदानकाका म्हणायचे. ती चिडायची, रडायची आणि पुन्हा उभी राहायची. पडून पडून शिकली. शाळेच्या संघात गेली, मग शहराच्या क्लबात गेली, बॉल आत येईनासा झाला. पण नाव काही सुटले नाही. पुढे तिच्या हातमोज्यांवर तिनेच ते लिहून घेतले.

दिवस कसे गेले कळले नाही. खिडकी मोठ्या क्लबची गोलकीपर झाली आणि मावशीच्या डोळ्यांत हळूहळू ढग उतरले. मोतीबिंदू. तिने कुणाला सांगितले नाही. घरातून निघताना भिंतीला हात लावत जायची, चहाचा कप आधी बोटांनी शोधायची. मैदानावर आली की मात्र ताठ चालायची, कारण वाट तिच्या पायांना पाठ होती. खिडकीच्या ते लक्षात आले होते. ती काही बोलली नाही. फक्त तपासणीच्या दिवशी माझ्यावरून अर्ध्याऐवजी पाऊण भाग स्वतःच हात फिरवू लागली.

आणि मग ते वर्ष आले. खिडकीच्या क्लबने पहिल्यांदाच चषक जिंकला, म्हणजे सुपर कपला तिची गाठ लीगच्या विजेत्या संघाशी पडणार होती. मावशीच्या पायांना भिंगरी लागली. जिला झोळीत झोपवले, ती आता त्याच जाळीपुढे उभी राहणार! ती मैदानकाकांना दहा वेळा म्हणाली असेल, "माझी पोरगी माझ्या जाळीत खेळणार हं."

पण आनंदात एक काटा होता. मैदानाला नवे व्यवस्थापक आले होते. माणूस वाईट नव्हता, नीट बोलायचा. तो मावशीला म्हणाला, "मावशी, तुमचा मान आहे, मी नाही म्हणत नाही. पण आता सामना टीव्हीवर जातो. जाळीनं एक जरी गडबड केली ना, तर पुढच्या वर्षीपासून मला तयार जाळ्याच लावाव्या लागतील."

मावशी म्हणाली, "आजवर केलीय का गडबड?" आणि ताठ मानेने निघून आली. कोठीत आल्यावर मात्र ती माझ्या घडीवर बसली आणि बराच वेळ मला नुसती कुरवाळत राहिली. तिला भीती वाटत होती, मला ते तिच्या बोटांतून कळले. तिच्या वर्षातला हा एकच दिवस तिचा होता. तोही गेला असता तर ती फक्त डोळे गेलेली एक म्हातारी उरली असती. आणि मी? मी तर कोठीतली अडगळच.

त्या वर्षी खिडकी संघाबरोबर सरावाला बाहेरगावी होती, म्हणून तपासणी मावशीने एकटीने केली. त्यातच आदल्या संध्याकाळी कांदा चिरताना तिचे बोट कापले होते. ज्या बोटाने ती जग वाचायची, नेमक्या त्या बोटाला पट्टी. माझ्या उजव्या खांबाजवळ, अगदी खाली, काही चौकटी झिजल्या होत्या. तिने त्या शोधून काढल्या, कापल्या आणि आपल्या सुई-दोऱ्याच्या डब्यातला दोरा घेऊन नव्या विणल्या. हात सवयीने चालत होता. पट्टीवरून, फासातून, अंगठा, ओढ. एकेरी गाठ.

पण मित्रांनो, दोरा तो नव्हता. सुती दोरा दुकानात मिळेनासा झाला होता. मैदानकाकांनी प्लॅस्टिकच्या धाग्याचे रीळ आणून डब्यात टाकले होते आणि 'सांगू सांगू' म्हणत सांगायचे राहून गेले होते. रंग तोच, पांढरा. माझ्या अंगात शिरला तेव्हाच तो मला परका वाटला. गार, गुळगुळीत, कुणाशी न बोलणारा. असल्या दोऱ्याला एकेरी गाठ कधीच पुरत नाही. तो सावकाश स्वतःतून निसटतो. मला कळत होते. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी मी गोलावर चढले. काय दिवस होता तो! गवतावर नुकते पाणी मारले होते आणि त्यातून वाफेसारखे काहीतरी वर येत होते. चुन्याच्या रेषा ओल्या होत्या. बाके भरत होती, कुठेतरी ढोल वाजत होता, आणि मला नेहमीसारखे वाटत होते की मी अजून स्वप्नातच आहे आणि कोठीचे दार आता बंद होईल. खिडकी धावत आली. आधी माझ्यापाशी थांबली, कपाळ माझ्यावर टेकवले आणि कुजबुजली, "कशी आहेस गं?" मग माझ्यावरून फिरवायला म्हणून तिने हात उचलला, पण मागे माझ्याजवळच स्टुलावर बसलेल्या मावशीकडे तिचे लक्ष गेले. मावशीने आवाजावरून ओळखून हात हलवला. "मावशीनं तपासलीय. मग झालं," खिडकी म्हणाली आणि हात खाली घेतला.

सामना सुरू झाला. लीगवाल्यांचे प्रेक्षक माझ्या मागेच बसले होते आणि ओरडत होते, "खिडकी उघडी आहे! खिडकी उघडी आहे!" ती हसली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. मग एकामागून एक बॉल आले आणि तिने ते अडवले. समोरच्या संघात एक उंच मुलगी होती, तिला तोफ म्हणत. ती पाय उचलायची तेव्हा माझे सगळे दोरे आपोआप ताठ व्हायचे.

मध्यंतराच्या थोडे आधी तोफेने बॉल मारला. जमिनीलगत, उजव्या खांबाच्या आतून. खिडकीने झेप घेतली, तिच्या बोटाला बॉल निसटता लागला आणि तो माझ्यात आला. मी त्याला कवेत घ्यायला गेले... आणि तो माझ्यातून निघून गेला. त्या परक्या दोऱ्याने हात सोडला होता. बॉल गोलामागच्या जाहिरातीच्या फळीवर आपटला आणि प्रेक्षकांना वाटले, खांबाच्या बाहेरून गेला. मध्ये खेळाडूंची गर्दी होती, रेषेवरच्या पंचालाही काही दिसले नाही. खिडकीचे बोट लागलेलेही कुणी पाहिले नव्हते, म्हणून पंचबाईंनी गोल किकचा, म्हणजे खिडकीनेच बॉल मारून खेळ सुरू करायचा, इशारा केला. त्या काळी आमच्याकडे पडद्यावर पुन्हा बघून ठरवायची सोय नव्हती. तोफेने डोक्याला हात लावला आणि मागे फिरली. तिलाही वाटले, हुकला.

स्टुलावर मावशी टाळ्या पिटत होती. "गेला बाहेर! गेला गं बाहेर! माझी पोरगी!"

खिडकी उठली. तिला ठाऊक होते. तिने माझ्यावर हात फिरवला, खांबापासून खाली, आणि तिची मूठ त्या भोकातून आरपार गेली. ती तशीच थांबली. त्या एवढ्याशा वेळात तिच्या मनात काय आले असेल ते मला सगळे कळले, कारण तिची बोटे मला घट्ट धरून होती. बोलली तर गोल अंगावर. बोलली तर मावशीची चूक टीव्हीवर, साऱ्या देशापुढे, आणि तो एक दिवसही गेला. गप्प राहिली तर? मध्यंतरात दोन गाठी मारता आल्या असत्या. कानोकान खबर लागली नसती.

खरे सांगू? मी मनात म्हणत होते, गप्प बस, पोरी. कशाला उगीच!

"मार ना लवकर!" तिची कर्णधार ओरडली.

खिडकीने हात वर केला आणि पंचबाईंना हाक मारली. "बाई, बॉल आत होता."

"काय म्हणालीस?"

"गोल झालाय. खांबाच्या आतून गेला. जाळीला भोक पडलंय, त्यातून बाहेर आला. हे बघा."

कर्णधार धावत आली. "डोकं फिरलंय का तुझं? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस?"

"आत होता गं. मी काय करू?" खिडकी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण हात अजून वरच होता.

पंचबाईंनी वाकून भोक बघितले, शिट्टी वाजवली आणि गोल दिला. मैदानात एकच गलका उठला. माझ्या मागे मात्र टाळ्या थांबल्या होत्या. मावशी उभी राहिली होती आणि तिचे तोंड पांढरे पडले होते. तिने डबा काखेत मारला आणि माझ्याकडे चालू लागली. व्यवस्थापक तिला आडवे आले. "मावशी, राहू द्या आता. तयार जाळी मागवतो."

"साहेब, ती कोठीत सगळ्यात मागे, मोडक्या खुर्च्यांखाली आहे," मैदानकाका म्हणाले. "काढेपर्यंत लोक घरी जाऊन जेवून परत येतील."

मावशी थांबलीच नव्हती. ती माझ्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसली, दातांनी बोटावरची पट्टी फाडून काढली आणि सुटलेला दोरा चिमटीत धरला. एकदाच चोळला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हा सुती नव्हे."

"दोरा मी बदलला, मावशी," मैदानकाका खाली बघत म्हणाले. "सांगायचं राहूनच गेलं."

"दोरा तुम्ही बदललात, पण गाठ मी मारली. निसरड्या दोऱ्याला दुहेरी लागते, हे मला हातानं कळायला हवं होतं." मग ती मान वर करून, जिथे तिला माणसे असावीत असे वाटले तिकडे बघून म्हणाली, "पोरींनो, चूक माझी आहे."

तिने सुई भरली आणि भोकाची कड शोधू लागली. आणि तेव्हा सगळ्यांना दिसले. तिचा हात चुकीच्या बाजूला जात होता. उन्हात माझा पांढरा दोरा तिला मुळीच दिसत नव्हता. खिडकीने हातमोजे काढून गवतावर टाकले, शेजारी बसली आणि मावशीचे बोट धरून कडेवर ठेवले. "इकडे, मावशी. अजून थोडं खाली."

दुसऱ्या बाजूने कुणाची तरी सावली पडली. तोफ! ती ढोपर टेकून बसली आणि भोकाची दुसरी कड तिने ताणून धरली. "असं चालेल का?"

"घट्ट धर. तुझाच बॉल होता ना? फार जोरात मारतेस गं बाई," मावशी म्हणाली. तोफ लाजली आणि मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसले.

मावशी विणू लागली. पट्टीवरून, फासातून, अंगठा, पुन्हा फासातून, आणि मग ओढ. दुहेरी गाठ. त्या दोघींच्या मध्ये बसून ती विणत होती आणि मला ती लांबट खोली आठवत होती, भिंतीतले खिळे, दुपारची ती झोप. हजारो माणसे भोवती असूनही मला फक्त तीन जणींचा श्वास ऐकू येत होता.

"मी बोलले नसते तर चाललं असतं का गं?" खिडकीने विचारले.

"मग तुला घरात कुणी घेतलं असतं?" मावशी गाठ ओढत म्हणाली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "आधी तोंड मी उघडायला हवं होतं. मला दिसत नाही, पोरी."

"माहितेय मला."

"माहितेय? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"दोघीही शहाण्याच!" मावशी म्हणाली आणि शेवटची गाठ दातांनी आवळली.

खेळ पुन्हा सुरू झाला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. खिडकी माझ्या बहिणीपुढे गेली आणि तिच्या मैत्रिणी माझ्याकडे चाल करून येऊ लागल्या. ऊन कलताना त्यांच्या कर्णधाराने डोक्याने बॉल माझ्या छपरात टाकला आणि बरोबरी झाली. मग वेळ संपली आणि पेनल्टीची पाळी आली. त्या माझ्याच टोकाला घ्यायचे ठरले. खिडकी परत माझ्यापुढे आली. आता मात्र तिने आधी माझ्यावर हात फिरवला, वरपासून खालपर्यंत.

पेनल्टीत दोन्ही संघ हातघाईवर आले. खिडकीने एक अडवली, समोरच्या गोलकीपरनेही एक अडवली. मग खिडकीच्या संघातल्या एका मुलीचा बॉल आडव्या दांड्यावरून उडून गेला. आता समोरच्यांचा बॉल आत गेला की संपले. मारायला आली तोफ.

तोफेने पाय उचलला. बॉल जमिनीलगत आला, उजव्या खांबाच्या आतून, नेमका त्याच जागेवर. खिडकीने झेप घेतली, बोट लागले, पण बॉल अडला नाही. मित्रांनो, बॉल धरणे एवढेच माझे काम. जन्मभर तेवढेच केले. पण त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटले, हा नको. हा बाहेर सोडून द्यावा. मी अंगातला सगळा ताण सोडून बघितला. पण मावशीची दुहेरी गाठ! ती हलेना. बॉल तिच्यावर आदळला, मी मागे ताणले गेले, आणि बॉल माझ्या कुशीत टपकन बसला.

सुपर कप गेला. तोफेचा संघ नाचू लागला. खिडकी गवतावर पालथी पडली होती. आणि मागे स्टुलावरून मावशीने विचारले, "काय झालं गं? फळीवर आपटल्याचा आवाज नाही आला."

खिडकीने मान वळवली. तिच्या गालांना गवत चिकटले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तरीही ती हसत होती. "धरली, मावशी. गाठ धरली."

"धरली ना?" मावशी म्हणाली. "मग ऊठ."

पुढच्या वर्षापासून तयार जाळ्या आल्या. व्यवस्थापक दिलेला शब्द मोडणारे नव्हते, आणि मी त्यांना बोल लावत नाही. त्यांनी आम्हा दोघी बहिणींना स्वतः मावशीच्या घरी आणून पोचवले. बहीण आता वेली अंगावर घेऊन बागेत उभी आहे; तिला फुले येतात म्हणून थोडी मिजास करते. मी मावशीच्या घरामागच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना बांधलेली आहे. गल्लीतल्या मुली इथे खेळतात. मावशीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. चष्मा लावून तिने मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट पाहिले आणि म्हणाली, "अगं, किती वाकडीतिकडी झालीस तू!" मला हसू आले, पण राग नाही आला. ती आता मुलींना जाळी विणायला शिकवते आणि कुणी नुसते बघून 'ठीक आहे' म्हटले की तिच्या हातावर हलकीशी चापट मारते.

हंगाम उघडायचा दिवस आला की मावशी माझ्याजवळ खुर्ची टाकून रेडिओ लावते. खिडकी कुठल्या का मैदानात असेना, सामन्याआधी आपल्या गोलाच्या जाळीवर हात फिरवते. सुरुवातीला बाकीच्या हसायच्या. आता, म्हणे, समोरची गोलकीपरही फिरवते.

मी मात्र आता दमले आहे. माझे दोरे विरले आहेत, वाऱ्यात हलताना मला खूप वेळ झोप लागते. झोपेत कुणीतरी माझ्या झोळीत येऊन निजते. तुम्हाला वाटेल, ही जुनी जाळी आता म्हणणार की जुन्या वस्तू जपा. जपलेत तर बरेच, पण मला दुसरेच मागायचे आहे. तुमच्या घरातही कुणी भिंतीला हात लावत चालत असेल, कप बोटांनी शोधत असेल. ते सांगेल म्हणून थांबू नका. आमच्या खिडकीने थांबून बघितले आहे. जवळ जा, हात धरा आणि विचारा.

आणि दोरा निसरडा असेल, तर गाठ दोनदा मारा.